ताटातले पथ्य आणि पायातल्या शिरा

आमचे अण्णा जुळारी होते. एका छापखान्यात खिळ्यांच्या केसेसपुढे उभे राहून त्यांनी एकतीस वर्षे काढली. रोजचे आठ-नऊ तास ठरलेले. गणपती गेले की दिवाळी अंकांचा हंगाम सुरू व्हायचा आणि तेच तास बारा-चौदावर जायचे. चाळिशीत त्यांच्या डाव्या पोटरीवर गाठी पडलेली निळसर शीर दिसू लागली. पन्नाशीत घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली आणि तिथे एक जखम झाली. पुढची अकरा वर्षे ती भरायची आणि पुन्हा उघडायची.

या अकरा वर्षांत ज्याने ज्याने तो पाय पाहिला, त्याने अण्णांच्या ताटातले काहीतरी काढून घेतले. वांगी वातूळ म्हणून गेली, दही गेले, टोमॅटो गेले. एकाने हरभऱ्याची डाळ बंद केली, दुसऱ्याने सगळ्याच डाळी. रक्तशुद्धीचा काढा आणि कडुनिंबाचा रस मात्र ताटाबाहेरून आत आला. दिवसातून किती तास उभे राहता, हे विचारल्याचे मला आठवत नाही.

मी डॉक्टर नाही. छापखान्यात येणारी पुस्तके वाचत वाढलो आणि पुढे अण्णांच्या पायामुळे शिरांविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. अन्नाचा आणि फुगलेल्या शिरांचा संबंध आहे का, असला तर कोणत्या वाटेने, आणि तो किती दूर जातो, एवढेच प्रश्न या लेखात आहेत.

‘अशुद्ध’ या शब्दाचा घोटाळा

शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो की रोहिणी शुद्ध रक्त वाहून नेतात आणि शिरा, म्हणजेच नीला, अशुद्ध रक्त. तिथे ‘अशुद्ध’चा अर्थ इतकाच की या रक्तातला बराच प्राणवायू पेशींनी वापरलेला असतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. फुप्फुसातून एक फेरी झाली की हेच रक्त ‘शुद्ध’ होते. दर मिनिटाला घडणारी ही गोष्ट आहे. घरी मात्र ‘अशुद्ध’ म्हणजे घाण, दूषित. मग शीर फुगली की रक्त बिघडले असे वाटते आणि ते शुद्ध करायला कारले, कडुनिंब, काढे सुरू होतात. अण्णांच्या पथ्याचे मूळ बरेचसे या एका शब्दात होते. फुगलेल्या शिरेतल्या रक्तात कसलीही घाण नसते. ते फक्त वर चढायच्या ऐवजी खाली घसरत असते.

घसरते का? उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा मीटरभराहून उंच स्तंभ असतो. निश्चल उभे राहिले की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. पावले टाकू लागले की पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा पिळतात आणि रक्त वर ढकलतात. हाच दाब मग तिसभर मिलिमीटरवर उतरतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यासाठी. वर ढकललेले रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत ठिकठिकाणी पातळ पडद्यांच्या झडपा असतात. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातील फाब्रिसियस याने या झडपांवर १६०३ मध्ये सचित्र पुस्तक लिहिले. त्या कशासाठी आहेत, हे मात्र त्याच्याकडे शिकून गेलेल्या विल्यम हार्वेने १६२८ च्या ग्रंथात नीट सांगितले: रक्त एकाच दिशेने, हृदयाकडे जावे म्हणून.

शिरेची भिंत सैल पडून ती रुंदावली की झडपेची दोन पाती एकमेकांना भिडत नाहीत. फटीतून रक्त खाली येते, खालच्या झडपेवर भार पडतो, तीही निकामी होते. शीर लांबते, वळ्या घेते, गाठी पडतात. पुढे दाबामुळे रक्तातला द्रव आणि तांबड्या पेशी ऊतींमध्ये झिरपतात, सूज येते, त्या पेशींतल्या लोहाने कातडी काळवंडते आणि शेवटी जखम होते. झडप एकदा निकामी झाली की ती कोणत्याही अन्नाने दुरुस्त होत नाही. प्रश्न उरतो तो त्याआधीचा: ती निकामी होण्यात अन्नाचा हात असतो का?

कोंड्याची पोती आणि एका डोळ्याचा सर्जन

‘होय’ असे ठासून सांगणारे दोन डॉक्टर विसाव्या शतकात होऊन गेले. पहिले टी. एल. क्लीव्ह, ब्रिटिश नौदलातले. दुसऱ्या महायुद्धात ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ या युद्धनौकेवर ते होते. समुद्रावर महिनोन् महिने ताजी भाजी नाही, पाव पांढऱ्या मैद्याचा, त्यामुळे खलाशांना बद्धकोष्ठ. क्लीव्ह यांनी गव्हाच्या कोंड्याची पोती बोटीवर चढवली आणि रोज कोंडा खायला लावला. बद्धकोष्ठ गेले. पुढे १९६० मध्ये त्यांनी फुगलेल्या शिरांच्या कारणांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की मैदा आणि साखर खाणाऱ्यांचे मोठे आतडे साठलेल्या मळाने जड होते. ते ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर टेकते आणि पायातून वर येणारे रक्त अडते.

दुसरे डेनिस बर्किट. आयर्लंडमध्ये १९११ साली जन्मलेल्या या सर्जनचा एक डोळा लहानपणीच्या अपघातात गेला होता. युगांडात काम करताना मुलांच्या जबड्याच्या एका कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९५८ मध्ये केले. तो रोग आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्लंडला परतल्यावर १९६७ मध्ये त्यांची क्लीव्ह यांच्याशी भेट झाली आणि त्यांना आफ्रिकेतले आपलेच अनुभव नव्या नजरेने दिसू लागले. इंग्लंडच्या दवाखान्यात रोज दिसणाऱ्या फुगलेल्या शिरा आणि मूळव्याध युगांडाच्या खेड्यांत इतक्या कमी का होत्या?

बर्किट यांनी आफ्रिका आणि आशियातल्या मिशन रुग्णालयांना पत्रे पाठवून माहिती मागवली. सहकाऱ्यांबरोबर लोकांना क्ष-किरणात दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला देऊन त्या किती तासांनी बाहेर पडतात, हे मोजले. मळाचे वजनही केले. ब्रिटिश नौसैनिकांत रोजचा मळ सुमारे १०० ग्रॅम आणि अन्नाचा प्रवास ८० तासांच्या आसपास. युगांडाच्या खेडुतांत मळ ४०० ग्रॅमच्या वर आणि प्रवास सुमारे ३५ तासांचा. यावरून १९७२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी आपली उपपत्ती मांडली. अन्नात चोथा कमी, म्हणून मळ घट्ट. मळ घट्ट, म्हणून कुंथावे लागते. कुंथताना पोटातला दाब प्रचंड वाढतो, तो खाली पायाच्या शिरांपर्यंत पोचतो आणि वर्षानुवर्षे हे होत राहिले की वरपासून एकेक झडप निकामी होते.

ही मांडणी सोपी होती आणि तिच्यात आजीबाईंच्या शहाणपणाला बसणारे काहीतरी होते. ‘पोट साफ तर सगळे ठीक’ हे आपल्याकडे कोणाला पटवावे लागत नाही.

चर्चगेटची साक्ष

याच १९७२ साली मुंबईतूनही एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा उल्लेख मराठीत फारसा कुठे माझ्या वाचनात आला नाही, म्हणून तो इथे थोडा तपशिलात सांगतो. लेखक डॉ. एस. एल. मल्होत्रा, पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले. रेल्वे म्हणजे संशोधकाच्या दृष्टीने चालून आलेली प्रयोगशाळा. नोकरी एक, वेतनश्रेणी सारख्या, कामाचे स्वरूप सारखे, पण माणसे देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली. मल्होत्रांनी उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या रेल्वे कामगारांचे पाय तपासले. दक्षिणेतल्या कामगारांत फुगलेल्या शिरांचे प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले आणि उत्तरेतल्यांत सुमारे ७ टक्के. या तफावतीचे कारण शोधताना त्यांनी मुख्यतः आहाराकडे बोट दाखवले. उत्तरेत चोथा जास्त असलेले अन्न, दक्षिणेत भात.

धान्यांचा हिशेब या तर्काला पूरक दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत १०० ग्रॅम अख्ख्या गव्हात सुमारे ११ ग्रॅम तंतू आहेत, बाजरी आणि नाचणीतही ११च्या आसपास, ज्वारीत १०. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीनही नाहीत.

पण इथे थांबून विचार करावा लागतो. उत्तरेतला आणि दक्षिणेतला कामगार केवळ ताटात वेगळा नसतो. त्याचे आईवडील वेगळे, उंची वेगळी, हवा वेगळी. दोन गटांत एक गोष्ट वेगळी दिसली आणि रोगाचे प्रमाण वेगळे दिसले, म्हणून एकामुळे दुसरे झाले, हे सिद्ध होत नाही. बर्किट यांच्या पत्रव्यवहारातही अशीच अडचण होती. रुग्णालयात कोण येतो? ज्याला दुखते तो. दिवसभर चालून मिशनच्या दवाखान्यात पोचणारी युगांडाची बाई पोटरीवरची न दुखणारी शीर दाखवायला कशाला येईल?

आनुवंशिकतेचा धागा तर फार बळकट आहे. फ्रान्समध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कुटुंबनिहाय पाहणीत, आई आणि वडील दोघांनाही हा त्रास असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता ९० टक्के निघाली. एकालाच असेल तर मुलींना ६२ आणि मुलग्यांना २५ टक्के, कुणालाच नसेल तर २० टक्के. पाहणी छोटी होती, पण तिचा कल स्पष्ट आहे.

उपपत्तीची परीक्षा

बर्किट यांच्या उपपत्तीची सर्वांत काटेकोर परीक्षा झाली ती एडिंबरामध्ये. तिथे १९९० च्या दशकात १८ ते ६४ वयाच्या १५६६ सामान्य नागरिकांचे पाय तपासले गेले. दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हेत, यादीतून निवडलेले लोक. मुख्य शिरा फुगलेल्या असण्याचे प्रमाण पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ३२ टक्के निघाले. हा ‘बायकांचा आजार’ आहे ही समजूत इथेच डळमळली. बायका त्यासाठी डॉक्टरकडे जास्त जातात, हे मात्र खरे.

आहाराबद्दल काय दिसले? पुरुषांत शौचाला कुंथण्याचे आणि फुगलेल्या शिरांचे नाते दिसले. स्त्रियांत जास्त वजनाचे दिसले. पण तंतू कमी खाणाऱ्यांच्या शिरा जास्त फुगतात, असे सुसंगत नाते सापडले नाही. म्हणजे बर्किट यांच्या साखळीतला ‘कुंथणे’ हा दुवा निदान पुरुषांपुरता अर्धवट टिकला. ताटापासून पायापर्यंतची सबंध साखळी टिकली नाही. शिवाय सोनोग्राफीने शिरेतला प्रवाह पाहता येऊ लागल्यावर लक्षात आले की गळती नेहमी वरूनच सुरू होत नाही. कित्येकदा ती पोटरीतल्या छोट्या शिरेत आधी सुरू होते आणि वर चढते. पोटातला दाब हे एकमेव कारण असते तर असे झाले नसते.

बर्किट चुकले म्हणून त्यांचे काम वाया गेले का? मुळीच नाही. मूळव्याध आणि बद्धकोष्ठ यांवर चोथा उपयोगी पडतो, हे आज कोणी नाकारत नाही. प्रौढ माणसाने रोज निदान २५ ग्रॅम तंतू अन्नातून घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चुकीच्या दाराने आत जाऊनही कधी कधी योग्य खोलीत पोचता येते.

संत्र्याच्या सालीतले औषध

अन्नाची दुसरी वाट थेट रक्तवाहिनीच्या भिंतीकडे जाते. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी क जीवनसत्त्व शोधले आणि त्यांना १९३७ चे नोबेल मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिले की केशवाहिन्यांतून रक्त झिरपणाऱ्या काही रुग्णांना शुद्ध क जीवनसत्त्वाने गुण येत नाही, पण लिंबाच्या किंवा लाल मिरचीच्या अर्काने येतो. त्या अर्कातल्या द्रव्याला त्यांनी ‘पी’ जीवनसत्त्व म्हटले. पुढे हे द्रव्य म्हणजे फ्लॅव्होनॉइड गटातली रंगद्रव्ये आहेत आणि त्यांच्यावाचून कुठला विशिष्ट रोग होत नाही, हे ध्यानात आले आणि १९५० च्या सुमारास ‘पी’चे जीवनसत्त्वपद काढून घेण्यात आले.

पण गोष्ट संपली नाही. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतले हेस्पेरिडिन आणि त्यापासून बनवता येणारे डायोस्मिन आज गोळ्यांच्या रूपात फुगलेल्या शिरांसाठी दिले जाते. या गटातल्या औषधांवरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये आढावा घेतला. निष्कर्ष असा की सूज बहुधा थोडी कमी होते, मात्र जखम भरण्यात फारसा फरक पडत नाही. झडप दुरुस्त होते असा दावा कुठेच नाही. शिवाय त्या गोळ्यांची मात्रा दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्याची असते. म्हणून रोज दोन संत्री खावीत जरूर, पण शिरांचे औषध म्हणून नव्हे.

क जीवनसत्त्वाचेही तसेच. शिरेच्या भिंतीतला कोलॅजन हा धागा विणायला ते लागते. ते अजिबात न मिळाल्यास स्कर्व्ही होऊन रक्तवाहिन्या फुटू लागतात. पण पुरेसे मिळणाऱ्याने आणखी घेतले म्हणून भिंत आणखी मजबूत होत नाही. पेरू, आवळा, लिंबू, पालेभाजी खाणाऱ्या घरात ते पुरेसे मिळते.

मग ताटाचे काम काय?

एवढ्या वाचनातून माझ्या हाती जे उरले ते असे. अन्न शिरांवर थेट सत्ता गाजवत नाही, वळशाने जाते. पहिला वळसा पोटाचा. ज्याला रोज कुंथावे लागते त्याने भाकरी, अख्ख्या डाळी, उसळी, पालेभाज्या वाढवाव्यात आणि त्याबरोबर पाणीही. आपल्याकडे उपवासाच्या दिवशी साबुदाण्यावर भर असतो आणि त्यात तंतू जवळजवळ नसतात. त्याऐवजी राजगिरा किंवा रताळे चालते, उपवासही मोडत नाही.

दुसरा वळसा वजनाचा. पोटाचा घेर वाढला की ओटीपोटातला दाब वाढतो, चालणे कमी होते आणि पोटरीचा पंप थंडावतो. तिसरा वळसा मिठाचा. सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाची असेल तर मीठ कमी करणे हा उपचाराचाच भाग असतो. शिरेच्या गळतीने आलेली सूज मात्र पाय वर घेतल्याने आणि दाबपट्टीनेच खरी उतरते. मीठ बेताने खावे, पण त्यावर विसंबू नये.

चौथा वळसा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथेच अण्णांचे नुकसान झाले. वाहणाऱ्या जखमेतून शरीरातली प्रथिने सतत जात असतात. नवी कातडी विणायला प्रथिने लागतात. अशा माणसाचे वरण, उसळ आणि दही काढून घेणे म्हणजे गवंड्याला भिंत बांधायला सांगून विटा काढून नेण्यासारखे आहे. पथ्य पाळल्याने आपण काहीतरी करतो आहोत असे अण्णांना वाटत राहिले. जखम उघडली की त्यांना वाटे, आपलेच कुठेतरी खाण्यात चुकले. एकदा एका लग्नात त्यांनी भरीत खाल्ले होते. पुढचे दोन महिने ते स्वतःला दोष देत होते.

उभे राहण्याची किंमत

शेवटी एका सरकारी रुग्णालयातल्या सर्जनने त्यांच्या पायाला बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट, थराथराची दाबपट्टी बांधली. झोपताना पाय उशीवर, दिवसा चालायचे, एका जागी उभे राहायचे नाही आणि जेवणात काहीही वर्ज्य नाही. अकरा वर्षांची जखम साडेतीन महिन्यांत भरली. पुढे त्या शिरेवर शस्त्रक्रिया झाली. आता तर भूल न देता, फक्त जागा बधिर करून, शीर आतून उष्णतेने बंद करता येते. ब्रिटनमध्ये अशा जखमांच्या ४५० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दाबपट्टी सगळ्यांनाच होती. ज्यांची गळकी शीर लवकर बंद केली त्यांच्या जखमा मध्यमानाने ५६ दिवसांत भरल्या. ज्यांना थांबवून ठेवले त्यांना ८२ दिवस लागले. पथ्याचा खरा तोटा इथे आहे. त्याने थेट अपाय क्वचितच होतो, पण ते वर्षे खाते.

म्हणून काही गोष्टी ताटापाशी न थांबता डॉक्टरला दाखवाव्यात: काळवंडत जाणारी कातडी, न भरणारी जखम आणि विशेषतः एकाच पायाला अचानक आलेली, दुखणारी सूज. शेवटची गोष्ट खोल शिरेत गुठळी झाल्याची खूण असू शकते आणि तिथे तास मोजायचे असतात. फुगलेली शीर फुटून रक्त आले तर आडवे व्हावे, पाय उंच करावा आणि जागा घट्ट दाबून धरून मदत मागवावी.

आहाराची उपपत्ती लोकांना आवडते याचे एक कारण मला उशिरा कळले. ती सगळी जबाबदारी रोग्याच्या घासावर टाकते. तासन् तास उभे करणाऱ्या मालकाला, स्टूल न देणाऱ्या दुकानाला ती काहीच विचारत नाही. केरळमधल्या कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या बायकांनी हा प्रश्न विचारला आणि २०१८ मध्ये त्या राज्याच्या कायद्यात कामाच्या जागी बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. आपल्या पेठेतल्या दुकानात साडी दाखवणारी मुलगी, चौकातला वाहतूक पोलीस, केशकर्तनालयातला कारागीर, चार तास सलग फळ्यापुढे उभी राहणारी शिक्षिका, यांच्या शिरांना भाकरीइतकीच एका स्टुलाची आणि तासाला पाच मिनिटे चालण्याची गरज आहे.

अण्णा गेले त्याला नऊ वर्षे झाली. जखम भरल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी आईला वांग्याचे भरीत करायला सांगितले होते, बाजरीच्या भाकरीबरोबर. दोन घास झाल्यावर म्हणाले, “अरे, अकरा वर्षं मी उगाच वांग्याला शिव्या दिल्या.” मग जेवण संपेपर्यंत काही बोलले नाहीत. पाय समोरच्या पाटावर ठेवून जेवत होते.